मामांचा करंज

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले तेव्हा माझे सासरे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. घर चांगलं होतं. स्लॅबचं, समोर पडवी, पुढं ओटा. त्यांनीच नोकरीत असताना हळूहळू बांधलेलं. भूकंप होऊन तोवर वर्ष उलटून गेलं होतं. भिंतींच्या चिरा बुजवून त्यावर रंग दिला होता. पण मामा (आमच्याकडं सून सासऱ्यांना मामा म्हणते) भूकंपाच्या पहाटे बाहेर आले ते पुन्हा छताखाली गेलेच नव्हते. जेवण शेडमध्ये, झोप शेडमध्ये, रेडिओ, तांब्या, चष्म्याचं घर, सगळं शेडमध्ये. न्हाणी परसात होती म्हणून बरं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, घरात झोपायच्या. स्लॅबच्या बरोबर मधोमध त्यांचा पलंग. "मरण यायचं आसलं तर शेडात बी येतंय," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच, आणि तेवढ्यात मामांच्या ताटात तुपाची धारही सोडायच्या. ते ताट शेडमध्ये नेऊन देणं माझ्याकडं आलं. मी जायची, स्टुलावर ताट ठेवायची, पदर सारखा करायची. मामा म्हणायचे, "हं." सुरुवातीचं वर्षभर आमचं बोलणं एवढंच.

मामांची थोरली बहीण औसा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली होती. भूकंपाच्या दिवशी मामा मिळेल त्या वाहनानं तिकडं गेले होते. परत आले ते गप्प होऊन. तिथं काय बघितलं, काय केलं, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही, आत्यांनाही नाही. आक्का गेली, एवढंच म्हणाले आणि खाट शेडमध्ये टाकली. हे मला नवऱ्याकडून कळलं.

लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे काय ते बसलेल्यालाच कळतं. मामा दुपारी ओलं पोतं पत्र्यावर टाकायला बघायचे, आणि आत्या दारातून ओरडायच्या, "माणसाला प्यायला न्हाई अन् पत्र्याला पाणी!" त्यांचंही खरं होतं. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसायचा, आला दिवस ड्रमकडं बघून काढायचा. मग झाड लावायचं ठरलं. माझा नवरा म्हणाला, गुलमोहर लावू, लवकर वाढतो, फुलतोही छान. मामा म्हणाले, "गुलमोहर ऐन उन्हाळ्यात उघडा पडतोय. सावली पाहिजे तवा अंगावर पान न्हाई. करंज लावा. फाल्गुनात गळतंय अन् चैत्रात भरतंय."

नर्सरीतून करंजाचं रोप आलं. शेड आणि घर यांच्या मधे, जरा शेडच्या बाजूला, मामांनी स्वतः खड्डा घेतला. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी झाडाला. आत्या कुरकुरायच्या, पण मोरीखाली बादली त्यांनीच ठेवली होती, आणि ती बादली चुकून कुणी ओतून दिली तर त्याची खैर नसायची.

करंज झपाट्यानं वाढला. पुरुषभर उंची गाठल्यावर त्याला दोन फांद्या फुटल्या. एक शेडकडं गेली, एक घराकडं. शेडकडची जोमदार होती. मामा सकाळी उठून पहिल्यांदा त्या फांदीकडं बघायचे. अजून वर्ष-दोन वर्षं, मग पत्र्यावर सावली, असा त्यांचा हिशेब होता.

एका चैत्रात मी ताट घेऊन गेले तर मामा झाडाखाली उभे. नुसतं "हं" न म्हणता त्यांनी मला हाक मारली.

"बाई, तुझे डोळे चांगले हायेत. हे बघ बरं काय झालंय."

करंजाची कोवळी पानं तांबूस, लकाकती असतात. ती सगळी मुडपून खाली वळली होती. खोडावरून मुंगळ्यांची रांग वर चालली होती. मी एक पान उलटं केलं. मागच्या बाजूला मोहरीएवढे काळपट किडे, एकाला एक चिकटून, पान दिसू नये इतके. बोटं चिकट झाली.

"मावा आहे, मामा. करडईवर पडतो तसाच."

"करंजावर मावा?" मामांना ते खरंच वाटेना. "ज्याच्या बियांचं तेल लोकं किडीवर मारत्यात, त्यालाच कीड?"

शेजारचे चाचा तेवढ्यात चहाला आले. त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि मामांची त्यांची दोस्ती माझ्या लग्नाच्या फार आधीची. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते शेडमधल्या बाकावर बसून चहा प्यायचे. त्यांनीही पान उलटंपालटं करून बघितलं.

"तंबाखू भिगाके मारो भाईसाब. मेरे अब्बा बैंगन पे मारते थे."

तंबाखू रात्रभर भिजवली. सकाळी गाळून त्यात कपड्याचा साबण किसून घातला. फवारायचा पंप नव्हता, म्हणून घरात होळीची पितळी पिचकारी होती ती माळ्यावरून काढली. मामा मारायला लागले की पाणी झाडापेक्षा त्यांच्याच सदऱ्यावर जास्त. मी पानं उलटी करून धरायची, ते नेम धरायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला आमचं बरं जमायला लागलं. आत्या ओट्यावर बसून पाणी किती चाललंय ते बघत होत्या.

"एक तांब्या झाला," त्या म्हणायच्या. मामा पुन्हा पिचकारी भरायचे.

आठवडाभरात मावा बराच कमी झाला. त्याच सुमाराला झाडावर ठिपक्याठिपक्यांचे लाल किडे आले. मामा ते वेचून डबीत टाकायला लागले. मी मुलींच्या शाळेत पाचवी-सहावीला शिकवायची. विज्ञानाच्या पुस्तकात त्या किड्याचं चित्र होतं. सासऱ्यांना अडवायचं म्हणजे जिवावर आलं होतं, तरी मी म्हणाले, "मामा, ते राहू द्या. ते मावा खातात."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग डबी पानावर उलटी केली आणि म्हणाले, "मग जेवू दे."

त्या दिवसापासून ताट ठेवून लगेच परत यायचं बंद झालं. मामा जेवायचे आणि मला झाडाची खबर द्यायचे. कुठल्या शेंड्याला नवीन पान आलं, मुंगळे किती उतरले. मी शाळेतल्या गोष्टी सांगायची. कधी नांदेडच्या सांगायची, आमच्या वडिलांच्या, नदीला पाणी आल्यावर आम्ही पोरं कशी बघायला पळायचो त्याच्या. मामा हसायचे तेव्हा त्यांच्या खांद्यांना हिसका बसायचा, आवाज यायचा नाही. ते हसतात हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

माझ्या नवऱ्याला हा तंबाखूचा उद्योग पसंत नव्हता. तो दुकानातून औषधाची बाटली घेऊन आला. वास घरभर. मामांनी ती बाटली लांबूनच बघितली.

"अंथरूण शेजारीच हाय माझं. माव्याला मारायलास का मला?"

"मामांचं खरं आहे," मी म्हणाले. नवरा माझ्याकडं बघतच राहिला. बाटली परत गेली.

पावसाळ्यात निराळंच सुरू झालं. पानांवर फोड आले. बारीक, उंचवट्यासारखे, पान हातात घेतलं की बोटाला टोचणारे. आधी दोन पानांवर, मग सगळीकडं. मामांचं जेवण कमी झालं. चाचा म्हणाले, "देवी निकली इसको," आणि ती थट्टा मामांना अजिबात आवडली नाही. ते दिवसभर झाडाजवळ खुर्ची टाकून बसून होते. संध्याकाळी आत्या घरातून बाहेर आल्या. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. झाडासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी करंजाची दृष्ट काढली. वरून खाली, खालून वर, तोंडानं पुटपुटत.

"येणारा-जाणारा बघतोय न्हवं, केवढं वाढलंय म्हणून. लागली आसंल कुणाची तरी," एवढं बोलून मूठ चुलीत टाकायला आत गेल्या. त्या रात्री मामा नीट जेवले.

फोड गेले नाहीत. पण झाडाला त्यानं काही झालंही नाही. करंजावर ते असतातच, हे आम्हाला पुढं कळलं. दर पावसाळ्यात येतात, पानाबरोबर गळून जातात.

खरं संकट थंडीत आलं. शेडकडच्या फांदीच्या बेचक्यात भुशाचं जाळं दिसायला लागलं. तपकिरी, सालीला चिकटलेलं, फांदीवर पट्टीसारखं वर सरकत गेलेलं. मामांना वाटलं वाळवी. त्यांनी ते झाडलं, वर गेरू फासला. काही दिवसांनी जाळं पुन्हा हजर, आता आणखी लांब. पुन्हा झाडलं. पुन्हा आलं. जाळ्याखालची साल खरवडल्यासारखी गेलेली होती.

मामा संध्याकाळी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचे. शेती नव्हती, पण ऐकायचे. मी भाकरी थापत होते आणि अंगणातून त्यांची हाक आली, "बाई! अगं बाई, लवकर ये!" मला वाटलं पडले की काय. पिठाच्या हातानं पळत गेले. मामांनी रेडिओ कानाशी धरला होता आणि आवाज पूर्ण मोठा केला होता. पेरूच्या बागेबद्दल कुणीतरी सांगत होतं. साल खाणारी अळी. दिवसा फांदीच्या बेचक्यात भोक पाडून आत बसते, अंधारात बाहेर येऊन जाळ्याच्या आडून साल खाते. जाळं साफ करा, भोकात तार घालून अळी काढा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि वरून मातीनं भोक लिंपून टाका.

"हीच ती," मामा म्हणाले. "घर करून बसलीया आत."

चाचांच्या दुकानात त्या दिवसांत मान वर करायला सवड नव्हती. लातूरला अकरावी-बारावी करायला सगळीकडून पोरं-पोरी यायला लागली होती. जळकोटची, बिलोलीची, त्याहून लांबची. आमच्या गल्लीतही दर दोन घरांमागं एका घरात खोल्या दिलेल्या. पोरांना क्लासला जायला सायकली लागायच्या आणि सायकली पंक्चर व्हायच्या. तरी चाचा दुपारी दुकान सोडून आले. सायकलीच्या चाकाची तार आणली होती, टोक दगडावर ठोकून बारीक आकडा केलेली.

पण भोक उंचावर होतं आणि मामांचा हात थरथरायचा. चाचांचा गुडघा धरलेला. नवरा कचेरीत. मी पदर खोचला आणि स्टुलावर चढले.

"सासऱ्यानं स्टूल धरायचं अन् सुनंनं झाडावर चढायचं!" आत्या दारातून म्हणाल्या. "बघा गं बाई."

मी वरून बघितलं तर त्या चपला घालत होत्या. आल्या आणि स्टुलाचा दुसरा पाय धरला. मामांना म्हणाल्या, "तुमच्या हाताचा काय भरवसा?"

जाळं पोत्याच्या तुकड्यानं पुसून काढलं. भोक सापडलं, करंगळी जाईल एवढं. तार आत घातली. आधी नुसता भुसा आला. मग काहीतरी मऊ लागलं. हळूहळू आकडा फिरवून ओढलं तर अळी बाहेर आली, राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढी, डोकं काळं. मी किंचाळले आणि ती खाली टाकली. चाचांची कोंबडी आमच्या अंगणातच असायची. तिनं उशीर केला नाही.

"लो, काम हो गया उसका," चाचा म्हणाले आणि दुकानाकडं गेले.

रॉकेलचा बोळा भोकात सरकवला. आत्यांनी काळी माती आणि शेण कालवून दिलं, ते मी अंगठ्यानं भोकावर दाबत होते. तेव्हा खालून मामा बोलले. ते वर बघत नव्हते.

"माळवदाची माती लई जड आसती, बाई."

मी थांबले. आत्याही त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"आक्काच्या घरावर हातभर थर होता मातीचा. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, पाणी गळू नये म्हणून. आम्ही हातानं काढली. टोपलं बी सापडंना. आक्का चुलीजवळ निजली होती. अंगावर कुठं खरचटलं सुदिक नव्हतं. नुसती माती."

ते एवढंच बोलले. स्टूल दोघांनीही घट्ट धरून ठेवलं होतं. मी अंगठा तसाच दाबून ठेवला. आत्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले नाहीत, हात स्टुलाला होते. मग त्याच म्हणाल्या, "उतर गं खाली. दुसरं भोक तिकडून हाय, स्टूल फिरवावं लागंल."

दुसऱ्या भोकाचंही तसंच केलं. मग चहा झाला. आत्यांनी तो शेडमध्ये आणला आणि मामांच्या खाटेवर टेकून तिथंच प्यायल्या. तोवर मी त्यांना शेडमध्ये बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

अळ्या गेल्या, पण आम्हाला उशीर झाला होता. फाल्गुनात पानं गळाली आणि चैत्रात घराकडची फांदी पालवली. शेडकडची तशीच राहिली. अळीनं साल सगळ्या बाजूनं खाल्ली होती. मामा रोज नखानं जरा जरा साल खरवडून आत हिरवं दिसतं का बघायचे. मलाही बघायला लावायचे. मी म्हणायची, "इथं जरा ओल वाटतेय, मामा." ओल नव्हती. त्यांनाही ते ठाऊक होतं.

वैशाख उजाडल्यावर चाचांनी करवत आणली. मामा म्हणाले, "कापा," आणि शेडमध्ये जाऊन रेडिओ लावून बसले. फांदी पडल्याचा आवाज आला तेव्हा रेडिओवर बाजारभाव चालले होते. कापलेल्या जागेवर गेरू आणि चुन्याचा लेप मी दिला. करंज आता एका अंगाला कललेला दिसत होता, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकायला निघाल्यासारखा.

पण त्या एका फांदीला मग सगळ्या झाडाचा जोर मिळाला. दोन उन्हाळ्यांत ती ओट्यापर्यंत आली. दाट, गार सावली, आणि जांभळट फुलांचा सडा. फक्त शेडवर काही ती पडायची नाही. पत्रा होता तसाच तापायचा.

त्याच वर्षी आम्ही मागच्या दोन खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या. आत्यांचा पलंग स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत गेला. मुली गुणी होत्या, पण पहाटेपासून मोठ्यांदा पाठांतर. एक भिंतीशी तोंड करून, एक फेऱ्या मारत. आत्या म्हणायच्या, "आवो, मला बी आता ती रसायनं पाठ व्हायलीत." त्यांना झोप मिळेना. पण मुलींना ओरडायचंही नाही. त्यांच्या आयांनी किती लांबून पाठवल्यात, म्हणायच्या.

मामा दुपारी शेडमधली खाट ओढून करंजाखाली आणायला लागले. संध्याकाळी परत न्यायची. मग एके दिवशी नेलीच नाही. दोनेक दिवसांनी मी शाळेतून आले तर करंजाखाली दोन खाटा. एक मामांची, एक आत्यांची, मधे पाण्याचा तांब्या. आत्या पडल्या पडल्या शेंगा सोलत होत्या.

मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "आत पोरींचा गलका लई. इथं वारं हाय."

"हाव," मामा म्हणाले. "वारं हाय."

तो अख्खा उन्हाळा ती दोघं तिथं राहिली. चैत्रात मावा आला तर आत्याच आधी ओळखायच्या, कारण झोपल्यावर पानांची मागची बाजू त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. मग मुलींना हाका जायच्या. त्या पिचकारी मारायच्या, अर्धं पाणी एकमेकींच्या अंगावर, आणि आत्या पाणी मोजायला विसरायच्या. मामा-आत्या भांडायचेही. पांघरुणावरून, रेडिओच्या आवाजावरून, चाचांना चहात साखर किती यावरून. घरात आम्हाला सगळं ऐकू यायचं. नवरा म्हणायचा, लहानपणी ऐकलं होतं असं भांडण, त्यानंतर आत्ताच.

पावसाळा लागला तसा एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला. मी आणि मुलींनी धावत जाऊन आत्यांची खाट पडवीत घेतली. मामा अंथरुणाची गुंडाळी छातीशी धरून करंजाखाली उभे राहिले. तिथून शेड जितकी लांब, तितकीच पडवी. पाणी त्यांच्या चष्म्यावरून ओघळत होतं. आत्यांनी त्यांना बोलावलं नाही. त्या पडवीत आपली खाट भिंतीकडं सरकवून जागा करत होत्या, एवढंच.

मामा आले. पडवीवर स्लॅबच होता. त्यांनी एकदा वर बघितलं, मग कडेला, जिथून अंगण दिसतं तिथं, अंथरूण टाकलं.

"आत या की. तिथं शितोडे येत्यात," आत्या म्हणाल्या.

"हितं बरंय."

"बरंय तर बरंय."

मी टॉवेल आणून दिला. मामांनी डोकं पुसलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "बाई, उद्या जरा झाड बघू. पाऊस झाला की कापल्या जागेचा लेप धुऊन जातोय." त्यापुढं ते शेडमध्ये झोपायला गेले नाहीत. उंबऱ्याच्या आतही आले नाहीत, शेवटपर्यंत. त्यांचं अंथरूण पडवीतच राहिलं, आणि आत्यांचंही.